अभियंत्याने आपल्या शिक्षणाची नोंदवही कशी ठेवावी

आपल्या समाजातील बहुतेक घरांत एक लोखंडी ट्रंक किंवा कपाटातला एक खण असा असतो, की ज्याला लहान मुलांनी हात लावायचा नसतो. त्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले असते. अनुसूचित जातीच्या दाव्याची पडताळणी करताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो मिळवण्यासाठी ज्या बापाने गावच्या शाळेत आणि तहसील कचेरीत हेलपाटे घातले, त्याला कागदाचे मोल सांगण्याची गरज नाही. असे असूनही त्याच घरातला इंजिनिअर झालेला मुलगा, नोकरीच्या आठ-दहा वर्षांत आपण काय शिकलो, कधी शिकलो आणि कोणाकडून शिकलो, याचा एक साधा कागद दाखवू शकत नाही, असे आम्ही गेल्या काही वर्षांत वारंवार पाहिले. प्रस्तुत लेख त्या एका कागदाविषयी आहे.

संस्थेच्या मार्गदर्शन वर्गात परदेशी नोकरीबद्दल विचारायला येणाऱ्या तरुणांत ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणारे अभियंते पुष्कळ असतात. त्या देशात कुशल व्यावसायिक म्हणून कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याआधी आपल्या व्यवसायाचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. अभियांत्रिकीतील बहुतेक व्यवसायांसाठी हे काम 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही 1919 साली स्थापन झालेली संस्था करते. आपला देश 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची 'टियर-1' मान्यता ज्या अभ्यासक्रमाला आहे आणि ती मान्यता लागू असताना ज्यांनी तो पूर्ण केला आहे, त्यांचा मार्ग सोपा असतो. पण आमच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांची पदवी त्यात बसत नाही. एक तर कॉलेजला ती मान्यता नसते, किंवा मान्यता येण्याआधीच मुलगा पास होऊन बाहेर पडलेला असतो. अशांना 'काँपिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट', म्हणजे आपली क्षमता दाखवणारा अहवाल सादर करावा लागतो. पोरे त्याला सीडीआर म्हणतात.

या अहवालाचा मोठा भाग म्हणजे तीन 'करिअर एपिसोड'. आपण प्रत्यक्ष केलेल्या तीन कामांची ही इंग्रजी वर्णने असतात आणि प्रत्येक वर्णन 1000 ते 2500 शब्दांचे असते. त्यातील प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा असतो. त्यानंतर 'समरी स्टेटमेंट' येते. चार वर्षांच्या पदवीधारकाला त्यात 16 क्षमतांपुढे, ही क्षमता आपण कोणत्या परिच्छेदात दाखवली, तो क्रमांक लिहावा लागतो. नुसते 'मला येते' म्हणून चालत नाही, कुठे केले ते बोट ठेवून दाखवावे लागते. पदविकाधारकांची वर्गवारी वेगळी आणि क्षमतांची यादीही वेगळी, परंतु पद्धत हीच. याखेरीज पदवीचे कागद, नोकरीचा गोषवारा आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल असतो. आयईएलटीएस दिली असेल तर चारही भागांत प्रत्येकी किमान 6 हवेत.

आणि या सगळ्याबरोबर एक पान असते, सीपीडीची यादी. सीपीडी म्हणजे 'कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट'. पदवी झाल्यानंतर आपल्या विषयात जे जे शिकणे चालू ठेवले, त्याची ही यादी. ती एका ए-फोर पानापेक्षा मोठी नसावी अशी सूचना आहे. मुले करिअर एपिसोडवर महिनोन्महिने घालवतात आणि हे एक पान शेवटच्या रात्रीवर टाकतात. आमचा अनुभव असा की नेमके इथेच घोडे अडते. केलेले काम माणसाला आठवते. पूल कुठला होता, खांब किती होते, पाया खोदताना पाणी लागले तेव्हा काय केले, हे वीस वर्षांनीही सांगता येते. पण 2018 च्या पावसाळ्यात विभागीय कार्यालयात झालेले प्रशिक्षण किती तारखेला होते, किती तास चालले आणि ते कोणी घेतले, हे पुढच्या वर्षीच आठवत नाही.

या यादीत प्रत्येक बाबीपुढे पाच गोष्टी द्यायच्या असतात: विषय, तारीख, कालावधी, स्थळ आणि आयोजक. प्रमाणपत्रे जोडण्याची सक्ती नसते. सक्ती नाही म्हटल्यावर पुष्कळांना वाटते की काहीही लिहिले तरी चालेल. त्या समजुतीने काय होते ते पुढे सांगू.

आधी यादीत काय बसते ते पाहू. पदव्युत्तर शिक्षण, परिषदा, लघु अभ्यासक्रम, कार्यशाळा, चर्चासत्रे हे तर आहेच. पण तांत्रिक पाहणी, तांत्रिक बैठका, इतरांना शिकवण्यासाठी तयार केलेले व्याख्यान, अभियांत्रिकी व्यवसायासाठी केलेली स्वयंसेवा, नवशिक्या अभियंत्यांना केलेले मार्गदर्शन आणि स्वतःहून केलेला अभ्यास हेही बसते. आपल्या मुलांना हे माहीत नसते. त्यांच्या मते प्रशिक्षण म्हणजे पंचतारांकित हॉटेलातले, गळ्यात बिल्ला घालून केलेले. ठेकेदाराकडे राबणाऱ्या मुलाला तसल्या प्रशिक्षणाला कोण पाठवणार? म्हणून तो म्हणतो, "सर, माझ्याकडे लिहायला काहीच नाही." आम्ही त्याला विचारतो, काँक्रीटचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून पाहण्याची पद्धत तुला कोणी शिकवली? तो सांगतो, सिमेंट कंपनीचा माणूस साइटवर आला होता, दिवसभर होता. मग ते काय होते? गुणनियंत्रण विभागाच्या अधिकाऱ्याबरोबर कालव्याच्या अस्तरीकरणाची पाहणी करताना त्याने तीन चुका दाखवल्या, ते काय होते? आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाची 2000 ची आवृत्ती तू विकत घेऊन वाचलीस, ते काय होते?

स्वतःहून केलेल्या अभ्यासाबद्दल आपण तरी कमीपणा मानू नये. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ते अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते, अभियंते नव्हेत. तरीही 1945 मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत दामोदर खोऱ्याच्या प्रश्नावर त्यांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक या सगळ्यांचा एकत्र विचार मांडला. ती तयारी कोणत्याही प्रशिक्षण वर्गातली नव्हती.

मात्र स्वतःच्या अभ्यासाची नोंद 'विविध पुस्तके वाचली' अशी करू नये. कोणते पुस्तक किंवा मानक, त्याचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, साधारण किती तास, हे लिहावे. ती नोंद आपल्या कामाशी जुळावी. ज्याने भूकंपरोधक बांधकामाचे मानक वाचल्याचे लिहिले आणि ज्याच्या तीनही करिअर एपिसोडमध्ये इमारतच नाही, त्याच्या यादीकडे तपासणारा शंकेनेच पाहील.

आता यादीत काय बसत नाही, तेही सांगायला हवे. एका गुणी मुलाने यादीत पहिल्याच ओळीत इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर लिहिले होते. स्थळ, तारीख, आयोजक सगळे चोख. त्याच्या श्रद्धेला आमचे वंदन, आणि दहा दिवस मौन पाळणे हे साइटवरच्या माणसाला सोपे नाही हेही खरे. पण ते अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हे. श्रामणेर शिबिर, रक्तदान, जयंती उत्सव समितीचे सचिवपद यांचेही तसेच. विहाराच्या बांधकामाचे आराखडे विनामूल्य करून दिले असतील, तर ते अभियांत्रिकीचे काम आहे. ते चांगले मोठे असेल तर त्याचा करिअर एपिसोड होऊ शकतो. आपल्या वसतिगृहातील पॉलिटेक्निकच्या मुलांना दर रविवारी स्ट्रक्चरचा विषय शिकवला असेल, तर ते यादीत नक्की बसते. ही एक गोष्ट आपली मुले वर्षानुवर्षे करतात आणि कधी लिहीत नाहीत.

विद्यार्थ्यांनी एक ध्यानात घ्यावे. यादी पदवीनंतरच्या शिक्षणाची आहे. कॉलेजात असताना केलेले इनप्लांट ट्रेनिंग, तांत्रिक महोत्सवातले बक्षीस, पाचव्या सत्रातली औद्योगिक सहल हे त्यात घालू नये. पण म्हणून ते फेकूनही देऊ नये. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर करिअर एपिसोड लिहिता येतो, आणि नव्याने पास झालेल्याला बहुधा तोच आधार असतो. म्हणून प्रकल्पाची गणिते, रेखाटने, प्रयोगांची आकडेवारी, गाइडने लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या हे सगळे जपून ठेवावे. चार जणांच्या गटात आपण स्वतः नेमके काय केले, तेही त्याच आठवड्यात लिहून ठेवावे. दोन वर्षांनी चौघांनाही वाटते की सगळे आपणच केले.

यावरून एक भाषेची अडचण आठवली. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणण्याची रीत आहे. या लेखातही आम्ही तेच करीत आहोत. करिअर एपिसोडमध्ये मात्र ते चालत नाही. तिथे 'मी संकल्पन केले', 'मी मोजमाप घेतले', 'मी चूक शोधली' असेच लिहावे लागते, कारण तपासणाऱ्याला कंपनीचे कौतुक नको असते, समोरच्या माणसाने काय केले ते हवे असते. आपल्या मुलांना 'मी' लिहायला संकोच वाटतो. एका मुलीने तर आठ वर्षे स्वतः चालवलेल्या जलशुद्धीकरण केंद्राबद्दल पहिल्या मसुद्यात एकदाही 'मी' लिहिले नव्हते, सगळीकडे 'विभागाने केले'. तिला तीन वेळा लिहून आणायला सांगावे लागले. तिच्याकडे नोंदी मात्र होत्या. शंभर पानी वहीत तारखा आणि तास व्यवस्थित लिहिलेले, फक्त प्रशिक्षण कोणी घेतले ते नव्हते. ती नावे गोळा करण्यात दोन महिने गेले, कारण एक अधिकारी निवृत्त होऊन गावी गेले होते आणि एका खासगी संस्थेने नावच बदलले होते.

आता त्या दुसऱ्या मुलाचे सांगतो. त्याचे नाव गाव सांगत नाही. त्याचे वडील वीज खात्यात लाइन हेल्पर होते. तो स्थापत्य शाखेचा पदवीधर, सात वर्षे एका पाटबंधारे ठेकेदाराकडे. माती दाबण्याच्या चाचण्यांत त्याचा हात धरणारा आम्ही पाहिला नाही. अर्जाची वेळ आली तेव्हा त्याला एक एजंट भेटला. एजंटाने पैसे घेऊन तीन करिअर एपिसोड आणि सीपीडीची सुबक यादी तयार करून दिली. यादीत सव्वीस बाबी होत्या, त्यातल्या बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या. त्यातला एकही त्याने केलेला नव्हता. करिअर एपिसोडमधला मजकूर आधीच्या इतर अर्जांशी जुळणारा निघाला. हे मजकूर संगणकावर ताडून पाहिले जातात, ते त्याला ठाऊक नव्हते. अर्ज नामंजूर झाला आणि बारा महिने पुन्हा अर्ज करण्यास बंदी आली.

बारा महिने म्हणजे काही जन्मठेप नाही, असे कुणी म्हणेल. पण त्या देशाच्या गुणपद्धतीत 25 ते 32 वयाला 30 गुण आहेत आणि 33 ते 39 ला 25. अर्ज केला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. बंदी संपली तेव्हा तेहतीस उलटले होते. ते पाच गुण त्याला परत मिळाले नाहीत. आणि हेही लक्षात असू द्यावे की तो थोडक्यात वाचला. खोटा कागद व्हिसाच्या अर्जापर्यंत पोहोचला आणि त्या कारणाने व्हिसा नाकारला गेला, तर साधारणपणे तीन वर्षे दार बंद होते.

तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याच्यावर रागावलो, हे लपवत नाही. दर पौर्णिमेला विहारात चौथे शील घेणारा मुलगा खोट्या कागदावर सही करतो म्हणजे काय! नंतर त्याच्याबरोबर बसलो तेव्हा राग ओसरला. कारण त्याने खोटे लिहिले ते आळसापोटी नव्हे, तर आपल्याकडे लिहिण्यासारखे काही नाही या समजुतीपोटी. जुन्या फोनमधले फोटो उघडले. प्रत्येक फोटोला तारीख असते. सिमेंट कंपनीच्या माणसाबरोबर टेबलाभोवती उभे राहून काढलेला फोटो सापडला. सुरक्षा प्रशिक्षणाचा निरोप जुन्या मेसेजमध्ये होता. पाहणीच्या दिवसाची नोंद साइटच्या रजिस्टरात होती आणि त्याच्या सुपरवायझरने ती दाखवली. तीन रविवारांत अकरा बाबी उभ्या राहिल्या, सगळ्या खऱ्या. बंदी संपल्यावर त्याने स्वतः लिहिलेले तीन करिअर एपिसोड आणि अकरा ओळींची यादी पाठवली. मूल्यमापन अनुकूल आले. सव्वीस ओळींची यादी अकरांवर आली म्हणून कोणी विचारले नाही.

किती तास भरले पाहिजेत, हा प्रश्न हमखास येतो. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाच्या चार्टर्ड सभासदाला तीन वर्षांत 150 तासांचे सीपीडी करावे लागते, त्यापैकी निदान 50 तास स्वतःच्या कार्यक्षेत्रातले. हा नियम सभासदत्वाचा आहे. स्थलांतरासाठीच्या यादीला तासांची अशी अट नाही. तेव्हा आकडा फुगवण्याचे काहीच कारण नाही. दोन तासांच्या व्याख्यानाला दोनच तास लिहावेत. अर्ध्या दिवसाचे चर्चासत्र चहापाणी आणि सत्कार वगळून तीन तासांचे झाले असेल, तर तीनच. आपल्याकडच्या सत्कारांना लागणारा वेळ शिक्षणात मोजायचा ठरला, तर दीडशे तास एका वर्षातच भरतील.

वही कशी आखावी? यादीला पाच रकाने लागतात, आम्ही सात सुचवतो. विषय, तारीख, तास, स्थळ, आयोजक हे पाच. सहावा 'यातून काय शिकलो', एका ओळीत. सातवा 'पुरावा कुठे आहे'. सहावा रकाना अर्जात जात नाही, पण करिअर एपिसोड लिहायला बसाल तेव्हा तोच उपयोगी पडतो. सातव्यात 'फाइल क्रमांक 2', 'फोनमधला फोटो', 'अमुक साहेबांचे पत्र' असे लिहावे. 'सेफ्टी ट्रेनिंग, 2019' ही नोंद नव्हे. 'उंचीवरील कामाची सुरक्षा आणि पालखांची तपासणी, 12 मार्च 2019, 4 तास, साइट कार्यालय, आयोजक ठेकेदार कंपनीचा सुरक्षा विभाग, शिकलो: पालख रोज कामाआधी तपासून पाटी लावणे, पुरावा: हजेरीपत्रकाचा फोटो' ही नोंद झाली. लिहायला तीन मिनिटे लागतात. ती त्याच संध्याकाळी लिहावी. रविवारी आठवड्याचे एकदम लिहू म्हणणाऱ्यांच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत, त्या तिसऱ्या रविवारी थांबतात.

ठेकेदार प्रमाणपत्र देत नाही, ही तक्रार खरी आहे. तिथे भांडण करून उपयोग नाही, नोकरी जाते. त्यापेक्षा प्रशिक्षण संपताच वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल करावा: आज अमुक विषयाच्या प्रशिक्षणाला हजर होतो, अमुक तास, धन्यवाद. उत्तर आले तर उत्तम, नाही आले तरी तारखेसह नोंद राहते. वहीचे पान महिन्यातून एकदा फोनने टिपून स्वतःलाच मेल करून ठेवावे. बदलीच्या गावी सामान हलवताना वह्या हरवतात. कंपनीचे नकाशे आणि गोपनीय कागद मात्र घरी आणू नयेत. आपल्या शिक्षणाची नोंद ही आपली, मालकाचे आराखडे आपले नव्हेत.

ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल एजंटांनी एवढी बदनामी केली आहे की मुलांना ते सगळेच खोटे वाटतात. तसे नाही. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एनपीटीईएल या उपक्रमात 2014 पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम चालतात. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अभ्यासक्रम शिकण्याला फी नाही, परीक्षेची थोडी आहे. साइटवर राहणाऱ्या मुलाने वर्षाला असा एक केला तरी पुरे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या 1920 साली स्थापन झालेल्या संस्थेची केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर येथे आहेत. त्यांच्या व्याख्यानांना जावे, विशेषतः 15 सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या सुमारास. मागच्या रांगेत बसून घरी येऊ नये, व्याख्यात्याचे नाव लिहून घ्यावे.

आणि ज्यांना कुठेच जायचे नाही, महाराष्ट्रातच राहायचे आहे, त्यांनी ही वही ठेवू नये काय? ठेवावी. बढतीच्या मुलाखतीत 'गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकलात' हा प्रश्न हमखास येतो, आणि तो ऐकून आपली माणसे गप्प बसतात ते येत नाही म्हणून नव्हे.

सात रकान्यांच्या पानाचा नमुना संस्थेच्या वाचनालयात ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवला आहे. त्याची झेरॉक्स काढून न्यावी. ज्यांनी जुन्या वर्षांच्या नोंदी आठवून काढायच्या आहेत, त्यांनी रविवारी सकाळच्या वंदनेनंतर वाचनालयात यावे. येताना जुना फोन, त्याचा चार्जर, पगाराच्या पावत्या आणि असतील तर साइटच्या डायऱ्या सोबत आणाव्यात. तीन-चार रविवार लागतील अशा बेताने यावे.